सूर हलवून बघ: सॉफ्टवेअर सिंथच्या आवाजाची पारख

तासगावच्या एका मुलानं प्रश्न विचारलाय. चार वर्षं कीबोर्ड वाजवतो, भजनाला साथ करतो, गणपतीत ऑर्केस्ट्रात उभा राहतो. साठ हजार रुपये साठवलेत आणि आता अडलाय. त्याच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक तट म्हणतो, खरा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा सिंथेसायझर, घे, लॅपटॉपमधला आवाज प्लास्टिकसारखा येतो. दुसरा म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत, आवाज चांगला की वाईट हे ज्याच्या त्याच्या कानावर. शेवटी तो विचारतो, "काका, आवाजाचा दर्जा असं काही खरंच असतं का? की ज्याला जे आवडलं ते चांगलं?"

बाळा, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून भांडण मिटत नाही. दोन आवाजांत फरक आहे की नाही, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर सापडतं, दहा जणांना मिळून तपासता येतं. त्यातला कुठला हवा, हा दुसरा प्रश्न. तिथं आवड येते, काम येतं, गाणं येतं. तुझे मित्र पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याला पहिल्याचं.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण माझे स्वतःचे कान तिथं उघडले.

माझ्याकडे यामाहा डीएक्स७ आहे. १९८३ साली आलेला सिंथ. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगनं एफएम पद्धत शोधली, यामाहानं तिचा परवाना घेतला आणि त्यातून हे वाद्य झालं. एका सुरानं दुसऱ्या सुराला इतक्या वेगानं हलवायचं की तिसराच रंग उमटतो, ही त्यामागची कल्पना. सहा ऑपरेटर, म्हणजे सूर काढणारे सहा भाग, ते जोडायच्या बत्तीस रीती, एका वेळी सोळा सूर. मी तो जुना घेतला होता. २०१९च्या महापुरात सांगलीत गावभागातल्या घरी खालच्या खोलीतले दोन सिंथ पाण्यात गेले, हा माळ्यावर होता म्हणून राहिला. डेक्स्ड नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर याच डीएक्स७ची नक्कल करतं. मूळ यंत्राचे पॅच, म्हणजे साठवलेले टोन, जसेच्या तसे त्यात उघडतात. म्हणजे तुलनेला याहून सोयीची जोडी मिळायची नाही.

एका रविवारी तिघांना बोलावलं. एक आमच्या काळातले ऑर्गनवादक, एक गायिका, आणि रेकॉर्डिंग करणारा एक तरुण. एकच मिडी फाइल, म्हणजे कुठला सूर कधी आणि किती जोरात वाजवायचा याची नोंद, दोन्हींना दिली, एकच इलेक्ट्रिक पियानोचा टोन, दोन्ही एकाच स्पीकरमधून. मध्ये पडदा. पहिल्या फेरीत तिघांनीही डीएक्स७ला पसंती दिली. "वजन आहे," ऑर्गनवादक म्हणाले. मला आनंद झाला, खरं सांगतो. मग मीटर बघितलं. डीएक्स७ जवळजवळ दोन डेसिबलनं मोठा वाजत होता.

दोन डेसिबल हा "मोठा आहे" असं लक्षात येण्याइतका फरक नव्हे. तो "भरीव आहे" असं वाटण्याइतका फरक आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आपला कान खालच्या-वरच्या सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असला की खर्ज आणि अगदी वरची धार आपल्याला कमी ऐकू येते. जरा वाढवला की दोन्ही वर येतात आणि सूर भरल्यासारखा वाटतो. दुकानात एका सिंथवर बोट ठेवून "व्वा" म्हणणारे आणि दुसऱ्यावर नाक मुरडणारे बहुतेक वेळा आवाजाच्या बटणाबद्दलच बोलत असतात. म्हणून पहिला नियम हा: पातळी सारखी केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी पाव डेसिबलपर्यंत सारखी करतो.

पातळी सारखी करून दुसरी फेरी केली. मतं फुटली. गायिकेला फरकच कळेना. तरुणानं सॉफ्टवेअरला मत दिलं. ऑर्गनवादक मात्र दर खेपेला डीएक्स७ ओळखत राहिले. कसं ओळखता, विचारलं, तर म्हणाले, "हळू सूर विझताना ऐक." मी ऐकलं. सूर विरत जातो तेव्हा शेवटी एक बारीक खरखर, वाळू घसरल्यासारखी. जुन्या डीएक्स७मधला आकड्यांपासून आवाज बनवणारा भाग बारा बिटचा आहे, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या पायऱ्या जाड आहेत. सूर लहान होत गेला की ती खडबड उघडी पडते. त्या दिवशी मी डेक्स्ड त्याच्या आधुनिक चोवीस बिटच्या इंजिनावर चालवत होतो. त्यातच 'मार्क वन' नावाचं दुसरं इंजिन आहे, ते जुन्या यंत्राचं गणित धरून बनवलंय. ते निवडलं, आणि ऑर्गनवादकांचा नेम चुकायला लागला.

आता बघ. ती खरखर आहे की नाही, यावर वाद राहिला नाही. एकदा बोट ठेवून दाखवल्यावर गायिकेलाही ऐकू आली. पण ऑर्गनवादक म्हणाले, हीच तर जान आहे. तरुण म्हणाला, मला हा कचरा रेकॉर्डिंगमध्ये नको. फरक सगळ्यांचा एक, आवड ज्याची त्याची. तुझ्या मित्रांना हे सांग.

तिसरी गोष्ट त्याच दिवशी संध्याकाळी कळली. ऐकणं बंद करून वाजवायला बसलो. डीएक्स७ त्याच्याच पट्ट्यांवर, डेक्स्ड एका नव्या मिडी कीबोर्डवर. सगळे म्हणाले, सॉफ्टवेअर कर्कश आहे. सकाळी तर फरक कळत नव्हता! कारण शोधायला अर्धा तास गेला. मिडीमध्ये बोटाचा जोर ० ते १२७ या आकड्यांत जातो. डीएक्स७च्या स्वतःच्या पट्ट्या कितीही जोरात मारल्या तरी १२७ पर्यंत पोचतच नाहीत. नवा कीबोर्ड सहज पोचतो. एफएममध्ये जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची धारही वाढते, टणत्कार पुढे येतो. मूळ टोन बनवणाऱ्यानं जिथपर्यंत बोट जाईल असं धरलं होतं, त्याच्या पलीकडे आम्ही जात होतो. जोराचा वक्र, म्हणजे बोटाच्या जोराला किती आकडा द्यायचा ती सेटिंग, खाली ओढला आणि कर्कशपणा गेला. दिवसभर आम्ही ज्याला "आवाजाचा दर्जा" म्हणत होतो, त्यातला एक हिस्सा आवाजाच्या पातळीचा निघाला, एक बोटांचा आणि एक खरा.

तो खरा हिस्सा आणि बोटांचा हिस्सा कुठं सापडले, हे लक्षात घे. सूर विझताना. आणि बोटाचा जोर बदलताना. एक सूर दाबून धरला आणि मधला तुकडा ऐकला तर तिथं काहीच सापडलं नसतं. गेल्या तीस वर्षांत मला जे काय समजलंय ते एवढंच: स्थिर सूर फसवतो. हलणारा सूर खरं बोलतो.

हे मला सिंथवाल्यांनी शिकवलं नाही. मिरजेत शिकलो.

तू तासगावचा, मिरज तुला लांब नाही. सतारमेकर गल्लीत कधी जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढताना बघितलीस का? नसेल तर साठ हजार खर्च करायच्या आधी एक सकाळ तिथं बस. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असलेला असतो. कारागीर त्या माथ्यावर कानस फिरवतो, दोन-चार घासे, फुंकर मारतो, तार चढवतो, छेडतो, कान खाली नेतो. परत उतरवतो. परत घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा घालून नखानं केसभर पुढं, केसभर मागं सरकवतो. एका जागी तार नुसती वाजते. थोडं सरकवलं की ती बोलायला लागते, सुरातून सूर उलगडत जातात, खर्जातून गंधार वर येतो.

तिथं काय घडतं? छेडलेली तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहते. कंप मोठा असतो तेव्हा ती एका जागी टेकते, कंप कमी होत जातो तशी टेकायची जागा सरकते. म्हणून तंबोऱ्याचा एक सूर सुरुवातीला वेगळा, मध्ये वेगळा आणि शेवटी वेगळा असतो. त्याचा गोडवा या प्रवासात आहे. आणि कारागीर विचारतोच, गायकाचा की गायिकेचा, जवारी खुली हवी की बंद. म्हणजे आवडीला जागा आहे. पण दोरा चुकीच्या जागी असला आणि तार नुसती करकरली, तर कुणी असं म्हणत नाही की असू दे, कुणाला तरी आवडेल. तिथं बसलेल्या सगळ्यांना कळतं की अजून झालं नाही. आवड कुठं सुरू होते आणि काम कुठं संपलेलं नाही, याची रेघ त्या गल्लीत इतकी स्पष्ट दिसते की मला दुसरीकडे कुठं तशी दिसली नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं, या कानांनाच ते मिळालं.

आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा घे. १९७९ मध्ये बंगळूरच्या राडेल कंपनीनं तो आणला आणि हजारो विद्यार्थ्यांचा रियाज सोपा झाला. माझाही झाला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आज मोबाइलवर खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग मिळतं आणि एक आवर्तन ऐकलंस तर खरं-खोटं सांगणं कठीण जाईल. वीस मिनिटं लावून ठेव. कान कंटाळतो. कारण बहुतेक ठिकाणी तेच आवर्तन पुन्हा येतं, तीच छेड, तीच तार तेवढीच वाजलेली. माणूस छेडतो तेव्हा प्रत्येक छेड किंचित निराळी पडते. कान ते मोजत नाही, पण ओळखतो.

भजनात कीबोर्डवरची बासरी वाजली की जाणकार तोंड वाकडं करतात, त्याचं मूळही इथंच. बासरीचा नमुना उत्तम रेकॉर्ड केलेला असतो. पण दर सुराची फुंकर एकसारखी. सा म्हटला तरी "फू", प म्हटला तरी तोच "फू". दोन सुरांच्या मधली मींड, म्हणजे सुरातून सुरात सरकत जाणं, नाही. चांगल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत एका सुराचे चार-पाच नमुने असतात, ते आळीपाळीनं वाजतात, आणि जोडून वाजवलं तर सुरातून सुरात जाणारा वेगळा नमुना लागतो. या बाबतीत आजचा लॅपटॉप साठ हजारांच्या कीबोर्डच्या पुढं आहे, कारण त्याच्याकडे जागा आहे. कोर्ग एम१ हा कीबोर्ड १९८८ मध्ये आला तेव्हा त्यातले सगळे पियानो, तंतुवाद्यं, ड्रम मिळून चार मेगाबाइटमध्ये बसवले होते. आज एका पियानोची लायब्ररी कित्येक गिगाबाइटची असते.

मग "प्लास्टिक" म्हणणारे तुझे मित्र खोटं बोलतात का? नाही. त्यांनी कधीतरी खरोखर वाईट सॉफ्टवेअर ऐकलेलं आहे. सॉफ्टवेअर वाद्यांची सध्याची रीत १९९९ च्या सुमाराला स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी या जोडणीच्या पद्धतीमधून रुळली, आणि त्या पहिल्या काळातल्या बऱ्याच मोफत सिंथना एक खराखुरा दोष होता. तो तुला स्वतःच्या कानानं ऐकता यावा म्हणून जरा खोलात सांगतो.

संगणक आवाजाचे तुकडे करतो, सेकंदाला ४४,१०० तुकडे. इतक्या तुकड्यांत फार तर २२,०५० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपांचा, सूर मावतो. त्याच्या वरचा सूर आला तर तो नाहीसा होत नाही, भिंतीवर आपटून चेंडू परत यावा तसा खाली येतो. सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यासारखी जी लहर सिंथमध्ये सगळ्यात जास्त लागते, तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे असंख्य उपसूर असतात. समज, तू २,५०० हर्ट्झचा सूर लावलास. त्याचा सतरावा उपसूर ४२,५०० हर्ट्झचा. तो मावत नाही, म्हणून ४४,१०० मधून वजा होऊन १,६०० हर्ट्झवर उतरतो. म्हणजे तुझ्या सुराच्याही खाली, आणि कुठल्याही स्वरसंवादात न बसणारा.

सूर स्थिर असला तर तो उपरा आवाज मिसळून जातो, नुसता थोडा मळकटपणा वाटतो. आता पिच बेंडनं, म्हणजे सूर सरकवणाऱ्या चाकानं, सूर हळूच वर ने. २,५०० वरून २,५५० वर. मूळ सूर पन्नास हर्ट्झनं चढला. पण तो उपरा ४४,१०० वजा ४३,३५०, म्हणजे ७५० हर्ट्झवर आला. तू वर चाललायस आणि आत कुणीतरी धडाधड खाली उतरतंय. एकदा ऐकलंस की आयुष्यभर ओळखशील. फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, पूर्ण उघडा ठेव, सॉ लाव, सगळे इफेक्ट बंद कर, वरच्या सप्तकात जा आणि मींड काढ. मूळ सुराबरोबर काहीही उलटं सरकताना ऐकू आलं नाही, तर त्या सिंथच्या कारागिरानं त्याचं काम केलंय. सर्ज आणि व्हायटल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ती लावून बघ, आणि मग एखादं वीस वर्षांपूर्वीचं मोफत सिंथ लावून बघ. हा फरक आवडीचा नाही.

तरी इथंही एक गाठ आहे, ती लपवून ठेवत नाही. रोलंडचा १९९६ चा जेपी-८००० त्याच्या 'सुपरसॉ'साठी प्रसिद्ध झाला, सात सॉ एकत्र किंचित हलवलेल्या. त्याच्या आवाजात हे परतून येणारे उपरे सूर होते, आणि त्याची नक्कल करणाऱ्यांना पुढं कळलं की ते काढून टाकले तर आवाज तसा येत नाही. नाचाच्या संगीताला ती झिंग हवी होती. म्हणजे दोषसुद्धा एखाद्याला हवासा वाटतो. ऑर्गनवादकांच्या खरखरीसारखाच. पण तो आहे हे माहीत असून ठेवणं वेगळं, आणि ऐकूच न येणं वेगळं. पहिल्याला मी आवड म्हणतो. दुसरा कान अजून तयार व्हायचाय.

अ‍ॅनालॉग सिंथबद्दल थोडक्यात. मिनीमूग १९७० चा, त्याचा फिल्टर आजही नावाजला जातो. त्याची नक्कल करताना सॉफ्टवेअरवाले बरीच वर्षं अडखळले, कारण त्या फिल्टरमध्ये बाहेर आलेला आवाज त्याच क्षणी आत परत जातो. संगणक मात्र एक पाऊल मागं राहून परत पाठवत होता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यावर गणिती उपाय निघाले. आज चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरचं बटण फिरवताना मला उणीव जाणवत नाही. बटण मिडीच्या १२८ पायऱ्यांवरून फिरवलं आणि सॉफ्टवेअरनं मधला भाग सावरला नाही, तर जिन्यावरून भांडं घरंगळल्यासारखं टकटक ऐकू येतं, तेवढं तपास. तेही हलवल्यावरच कळतं.

तुझ्या प्रश्नाशी सांगलीचं एक फार जुनं नातं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा, मोजायचं मनावर घेतलं. मिरजेला राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना लाभला. १९१० मध्ये देवलांचं पुस्तक आलं. क्लेमेंट्स नावाच्या न्यायखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांची बाजू उचलून धरली, आणि बावीस श्रुतींची पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, तेव्हा मोठ्या गायकांनी तिचे सूर मान्य केले नाहीत.

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणतं बघा, मोजमापाचा उपयोग नाही. कुणी म्हणतं गवयांना विज्ञान कळलं नाही. मला दोन्ही पटत नाही. देवलांनी जे मोजलं त्याला आधार होता. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेल्या, तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९.३ हर्ट्झचा. त्याचा पाचवा उपसूर, म्हणजे तारेतून आपसूक निघणारा गंधार, ३४६.५ च्या आसपास. कीबोर्डवरचा तोच गंधार ३४९.२. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. कीबोर्डचा गंधार कणसूर आहे म्हणणारा गायक मनाचं सांगत नसतो, त्याला ते हेलकावे ऐकू येतात. ते घड्याळ लावून मोजता येतात.

पण गायक गंधार एका जागी ठोकून ठेवत नाही. दरबारी रागाचा गंधार डोलतो. तोडीचा स्वतःच्या वाटेनं खाली बसतो. पेटीची पट्टी दाबली की सूर तिथंच उभा, मग ती बावीस श्रुतींची असो की बारा सुरांची. मोजलं ते बरोबर होतं, गायकांचा नकारही बरोबर होता. एकानं थांबलेला सूर मोजला, दुसऱ्यांनी चालणारा ऐकला. आज देवल असते तर त्यांना विलायतेत पेटी बनवायला लागली नसती. सर्जसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साध्या मजकुराची फाइल टाकली की हव्या त्या श्रुतींची पट्टी तयार होते, आणि बोटानं सूर हलवता येणारे कीबोर्डही आता मिळतात. भजनाला तंबोऱ्याबरोबर सूर धरून ठेवायचा असेल तर गंधार चौदा सेंट खाली घेऊन बघ. शंभर सेंट म्हणजे एक पट्टी, त्यातले चौदा. म्हातारी माणसं मान डोलवायला लागतील, आणि का ते त्यांनाही सांगता येणार नाही.

आता तुझे साठ हजार.

तू स्टेजवर वाजवतोस. तिथं आवाजाच्या दर्जाला आणखी तीन शत्रू आहेत आणि तिघांचाही आवडीशी संबंध नाही. पहिला उशीर. लॅपटॉपमध्ये बफर, म्हणजे आवाजाचे किती तुकडे साठवून मग बाहेर सोडायचे तो आकडा, १,०२४ ठेवलास तर बोट पडल्यापासून तेवीस मिलिसेकंद तिथंच जातात. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला चौतीस सेंटिमीटर जातो, म्हणजे तुझा स्पीकर जवळजवळ आठ मीटर लांब ठेवल्यासारखं झालं. द्रुत लयीत तबलजी तुझ्याकडे बघायला लागेल. बफर १२८ केलास तर हा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. त्यात साउंड कार्डचा थोडा वाढतो, तो चालतो. पण मग लॅपटॉपला तेवढी ताकद लागते, नाहीतर आवाज तुटतो. भर कार्यक्रमात तुटलेला आवाज कुठल्याच कानाला गोड लागत नाही.

दुसरा घूं. हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला वायर दिलीस आणि चार्जर लावलेला असला की पन्नास आणि शंभर हर्ट्झची घूं येते. चार्जर काढला की थांबते. मंडपातल्या विजेत अर्थिंगचा भरवसा नसतो, म्हणून बाहेरचं साउंड कार्ड आणि डीआय बॉक्स (मिक्सरला आवाज घूं न येता पोचवणारी डबी) घेतल्याशिवाय स्टेजवर जायचं नाही.

तिसरा मोनो. हा मी स्वतः भोगलाय. एका नाट्यगृहात माझा तंतुवाद्यांचा पॅड, म्हणजे मागं भरून राहणारा लांब सुरांचा टोन, घरी ऐकताना अंगावर काटा आणणारा, हॉलमध्ये गायबच झाला. मी हळूहळू वाढवत राहिलो, गायिका खुणेनं विचारत राहिली, वाजवताय ना? त्या टोनमध्ये डावी आणि उजवी बाजू एकमेकींच्या उलट हलवून आवाज रुंद केलेला होता. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र होतात. एकीनं दुसरीला खाल्लं. तेव्हापासून कुठलाही टोन पसंत करायच्या आधी मी मोनो करून ऐकतो. घरी हेडफोनवर निवडलेले निम्मे टोन तिथंच गळतात.

म्हणून मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. तुझ्याकडे चालता लॅपटॉप आहे असं तू लिहिलंस. मग आधी एक साधं, भरवशाचं साउंड कार्ड घे, डीआय बॉक्स घे आणि ऐकायला बरे हेडफोन. सर्ज, व्हायटल, डेक्स्ड फुकट आहेत, ती सहा महिने वाजव. यात पंचवीस हजारांच्या वर जाऊ नये. उरलेले ठेवून दे. गणपतीच्या दहा दिवसांत रोज तीन-तीन तास, पावसात, जनरेटरवर वाजवायचं असेल आणि लॅपटॉपनं दोनदा दगा दिला, तर त्या पैशात एक हार्डवेअर सिंथ घे. पण तो त्याच्या भक्कमपणासाठी घे. "गरम आवाज" म्हणून घेऊ नकोस, जोवर पडद्यामागून, सारख्या पातळीवर, मींड काढताना तुला तो गरमपणा ओळखता आलेला नाही.

आणि मित्रांना घेऊन एकदा ये. डीएक्स७ इथंच आहे, पडदाही आहे.

जुना कीबोर्ड विकू का, हे तू शेवटी विचारलंस. विकू नकोस. त्याचे टोन साधे असले तरी चार वर्षं तुझी बोटं त्या पट्ट्यांवर बसलीत. मागं पाच पिनांचं मिडीचं भोक आहे, त्यातून साउंड कार्डला वायर दे. तो वाजव, आवाज लॅपटॉपमधून येऊ दे. जोराचा वक्र तेवढा बोटांना जुळवून घे, पहिल्याच दिवशी, बाकी काही करायच्या आधी.